रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी उतरवणारे असोत वा दिवसभर उभे राहून धंदा करणारे दुकानदार, पोटरीवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसू लागल्या की डॉक्टर बहुधा डॉपलर सोनोग्राफी सुचवतात. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे मांडलेले तत्त्व तिच्या मुळाशी आहे : कोकण रेल्वेची गाडी जवळ येताना शिटीचा सूर चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो, तद्वतच वाहत्या तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींची वारंवारता बदलते आणि त्या फरकावरून यंत्र रक्ताची दिशा व वेग काढते.

गैरसमज : पडद्यावर लाल दिसते ती धमनी आणि निळी दिसते ती शीर.

वस्तुस्थिती : रंग रक्ताचा नसून दिशेचा असतो. सामान्यतः तपासणीच्या दांडीकडे येणारा प्रवाह लाल आणि दूर जाणारा निळा दाखवला जातो. दांडी उलट दिशेने तिरपी धरली तर त्याच रक्तवाहिनीचा रंग पालटतो.

गैरसमज : सोनोग्राफी केवळ गर्भवतींसाठी असते आणि तिच्यातून घातक किरण बाहेर पडतात.

वस्तुस्थिती : तिच्यात क्ष-किरण नसतात, ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरी असतात. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी १९९४ च्या प्रसवपूर्व निदानतंत्र कायद्यामुळे सोनोग्राफी केंद्रात लावावी लागते, म्हणून ती पायांची तपासणी होते तेथेही दिसते.

गैरसमज : टेबलावर निजवून एकदा यंत्र फिरवले की तपासणी पूर्ण होते.

वस्तुस्थिती : फुगलेल्या शिरांची तपासणी शक्यतो रुग्णाला उभे करून होते. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ खाली परतत राहिले, तर शिरेतील झडपा गळक्या ठरतात. खोल शिरेतील गुठळी शोधताना मात्र दांडीने शीर दाबून पाहतात, कारण निरोगी शीर चपटी होते, तर गुठळीने भरलेली दबत नाही.

गैरसमज : अहवाल निर्दोष आला की हृदयापर्यंतच्या साऱ्या रक्तवाहिन्या ठणठणीत.

वस्तुस्थिती : पायाच्या तपासणीतून हृदयाच्या धमन्यांविषयी काही कळत नाही, आणि पोटरीतील लहान गुठळी पहिल्या वेळी निसटू शकत असल्याने सूज टिकून राहिल्यास आठवड्याभरात फेरतपासणी सांगितली जाते. याउलट, कोणतेही लक्षण नसताना मानेच्या धमन्यांची सरसकट तपासणी करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२१ मध्ये पुन्हा केली, कारण तिच्यातून अनावश्यक शस्त्रक्रियांचा धोका संभवतो. त्यामुळे चिठ्ठीवर नुसते ‘डॉपलर’ पुरेसे नसते. कोणती रक्तवाहिनी आणि कोणत्या तक्रारीसाठी, हेही तिथे लिहिलेले असावे लागते.