कुत्र्याला घेऊन कर्जत-खालापूरला निघालात? ‘पेट फ्रेंडली’ पाटीच्या पलीकडे काय तपासायला हवं?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या फार्महाउसच्या जाहिरातींत स्विमिंग पूलच्या शेजारी आता आणखी एक शब्द दिसतो, ‘पेट फ्रेंडली’. फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला दोन दिवस मोकळं धावता यावं, म्हणून मुंबई-पुण्यातली अनेक कुटुंबं इथे येतात.

पण ‘पेट फ्रेंडली’चा अर्थ एवढाच की, जागेच्या मालकाची कुत्रा आणायला हरकत नाही. तिथलं गवत, पाणी आणि रात्र कुत्र्यासाठी सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

परदेशात सरकार तपासतं, इथे कोण?

ब्रिटनमधून फ्रान्सच्या एखाद्या खेड्यात सुट्टीसाठी कुत्रा न्यायचा, तर आधी मायक्रोचिप आणि रेबीजची लस लागते. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. परतताना २४ ते १२० तास आधी डॉक्टरकडून जंताचं औषध देऊन त्याची नोंद करावी लागते.

भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा असेल, तर नियम आणखी कडक आहेत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी करावी लागते आणि नमुना दिल्यापासून साधारण तीन महिने थांबावं लागतं.

मुंबई ते कर्जत प्रवासात यातलं काहीच नाही. एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावर फास्टॅग तपासला जातो, कुत्र्याचं लसीकरण कार्ड नाही. त्यामुळे ही तपासणी घरीच करावी लागते.

लेप्टोची लस कधी घ्यावी?

पावसाळ्यात भातखाचरं आणि डबक्यांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर आणि इतर जनावरांच्या लघवीतून हे जिवाणू पाण्यात आणि चिखलात मिसळतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याच आजाराची साथ आली होती.

कुत्र्यांना दिल्या जाणाऱ्या अनेक एकत्रित लसींमध्ये लेप्टोची लस असते. पहिल्यांदा घेताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि नंतर दरवर्षी बूस्टर. म्हणजे शुक्रवारी लस घेऊन शनिवारी निघण्यात अर्थ नाही. शिवाय ही लस लेप्टोच्या सगळ्या प्रकारांपासून संरक्षण देत नाही, त्यामुळे साचलेल्या पाण्यापासून कुत्र्याला लांब ठेवणंच बरं. लेप्टो झालेल्या कुत्र्याच्या लघवीतून तो माणसांनाही होऊ शकतो.

गावातल्या कुत्र्याने चावा घेतला तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी. आपल्या कुत्र्याची रेबीजची लस झालेली असली, तरी डॉक्टरकडे नेऊन बूस्टर द्यावा लागतो. भांडण सोडवताना माणसाला दात किंवा नख लागलं, तर त्यानेही त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवं.

साप दिसला तर?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. भारतात मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन या चारही सापांच्या विषावर चालतं आणि ते कुत्र्यांनाही देता येतं. पण ते प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचं काम मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांचं असतं. त्यामुळे रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे हे इंजेक्शन आहे का, हे निघण्याआधीच फोन करून विचारावं.

कुत्र्याला साप चावल्यास जखम कापू नये, दोरीने आवळून बांधू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून गाडीत ठेवावं आणि थेट दवाखाना गाठावा.

रात्री कुत्रा कुठे झोपवावा?

घरात, दार लावून. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला होता. त्यात वजनाच्या हिशोबाने बिबट्यांच्या भक्ष्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला. कर्जतच्या डोंगरपट्ट्यातही बिबट्यांचा वावर आहे. अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

आपल्या कुत्र्यामुळे गावाला धोका आहे का?

हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. या भागात कातकरी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. अनेक घरांसाठी शेळ्या-कोंबड्या म्हणजे अडीनडीला विकून पैसा उभा करण्याचं साधन. मोकळ्या सोडलेल्या लॅब्रॅडॉरला कोंबडीमागे धावणं खेळ वाटतो, पण त्या घराचं त्यात नुकसान होतं. त्यामुळे कुंपणाबाहेर पट्टा लावूनच न्यावं आणि नुकसान झालंच, तर भरपाई द्यावी.

आजारही दोन्ही बाजूंनी पसरतात. लस न घेतलेला शहरी कुत्रा डिस्टेंपर किंवा पार्व्हो गावात नेऊ शकतो. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले होते. तो विषाणू आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांकडून पसरला असावा, असं संशोधकांनी म्हटलं होतं. कर्जतलाही लागूनच भीमाशंकर अभयारण्य आहे.

परतल्यावर काय करावं?

गोचीड कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली लपतात. ते चिमट्याने त्वचेजवळ धरून सरळ ओढून काढावेत, रॉकेल लावू नये. ‘टिक फीव्हर’ची लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. या काळात कुत्र्याने खाणं सोडलं, ताप आला किंवा नाकातून रक्त आलं, तर डॉक्टरकडे जावं आणि ‘कर्जतला जाऊन आलो’ हे न विसरता सांगावं. नेमका हाच तपशील सांगायचा राहून गेला, तर निदानाला उशीर होऊ शकतो.