संगणकावरील अर्ज आणि पडद्याचे माप

सभासदांची नोंद, ग्रंथालयाची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज अशी कितीतरी कामे आज संगणकावर होतात. आपले काही विद्यार्थी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस शिकून संस्थांना असे फॉर्म तयार करून देतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु एका साध्या बाबीकडे दुर्लक्ष होते. ती म्हणजे पडद्याचे माप.

एका कार्यालयात आम्ही पाहिलेली गोष्ट सांगतो. फॉर्म मोठ्या पडद्यावर तयार झाला होता. नोंदी करणाऱ्या ताईंचा पडदा लहान होता. उत्पन्नाच्या दाखल्याचा रकाना उजव्या कडेपलीकडे गेला आणि ताईंना तो दिसलाच नाही. दाखला जोडलेल्या मुलांचे अर्जही अपूर्ण ठरून बाजूला पडले. यात चूक ना मुलांची, ना ताईंची.

असे का होते? ॲक्सेसमध्ये फॉर्मचे माप इंचात किंवा सेंटीमीटरमध्ये ठरते. पडदा मात्र पिक्सेल म्हणजे ठिपक्यांत मोजतात. विंडोज साधारणपणे एका इंचाला ९६ पिक्सेल धरते. त्या हिशेबाने १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर सुमारे १४ इंच रुंद व ८ इंच उंच जागा मिळते. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून कोणी माप १२५ टक्के केले, की इंचाला १२० पिक्सेल लागतात आणि उंची ६.४ इंचच उरते. फॉर्म त्याप्रमाणे आपोआप लहान होत नाही; तो कापला जातो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) काम हाती घेताच तेथील सर्वांत लहान पडदा कोणता, हे विचारावे व फॉर्म त्याच मापाचा करावा.

२) अत्यावश्यक रकाने वर व डावीकडे, एकाखाली एक ठेवावेत. उरलेली माहिती टॅबच्या दुसऱ्या पानावर घ्यावी.

३) ॲक्सेस २००७ पासून अँकरिंगची सोय आहे. तिने शेरा किंवा पत्त्याचा रकाना खिडकीबरोबर रुंदावतो. अक्षरे मात्र तेवढीच राहतात. म्हणून ती सोय मोजक्याच रकान्यांना द्यावी.

४) सरकपट्ट्या बंद करू नयेत. कापलेला भाग निदान सरकवून तरी पाहता येतो.

५) मराठीसाठी रकान्याची उंची थोडी जास्त ठेवावी, नाहीतर वेलांटी आणि रफार कापले जातात.

६) जी माहिती हवीच, ती टेबलमध्येच आवश्यक ठरवावी. मग रकाना रिकामा राहिला तर संगणक नोंद स्वीकारणार नाही.

शेवटी, फॉर्म तयार झाल्यावर तो आपल्या संगणकावर पाहून समाधान मानू नये. ज्यांना रोज त्यावर काम करायचे आहे, त्यांच्या शेजारी बसून दहा नोंदी करून पाहाव्यात. दिसला नाही असा एक रकानाही एखाद्या मुलाचे वर्ष वाया घालवू शकतो, हे आपण विसरू नये.