राणी पाकोळी : राज्य फुलपाखराचा जीवनक्रम व खाद्यवनस्पती

प्रस्तावना :
शेकरू, हरियाल, आंबा व ताम्हण या राज्यचिन्हांच्या पंक्तीत महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ या फुलपाखरास स्थान दिले. राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. मराठीत त्यास राणी पाकोळी किंवा नीलवंत म्हणतात. गारगोटीच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा असून, राधानगरी अभयारण्यही नजीक आहे. त्यामुळे या परिसरातील अध्यापकांस हा विषय जिव्हाळ्याचा वाटावा. या फुलपाखराचे अस्तित्व नेमके कशावर अवलंबून आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओळख :
‘पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर’ हे त्याचे शास्त्रीय नाव. भारताचा पश्चिम व दक्षिण भाग आणि श्रीलंका हा त्याचा मुख्य अधिवास. पंखांचा विस्तार सुमारे १२० ते १५० मिलिमीटर असतो. पंख मखमली काळे असून त्यांवर फिकट निळे पट्टे व मागील पंखांवर काळे ठिपके असतात. पावसाळ्यात व त्यानंतर ते अधिक आढळते. ओढ्याकाठच्या ओल्या मातीतील क्षार शोषताना नर दृष्टीस पडतात.

जीवनक्रम :
मादी लिंबूकुलातील वनस्पतींच्या पानांवर एकेक अंडे घालते. रानातील माकडलिंबू व किरमिरा, तसेच लागवडीतील पपनस व लिंबू या तिच्या प्रमुख खाद्यवनस्पती होत. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तर पूर्ण वाढलेली अळी हिरवी असते. या दोन्ही रूपांमुळे ती भक्षकांच्या नजरेतून सुटते. डिवचल्यास ती डोक्यामागील दुभंगलेली ग्रंथी बाहेर काढून उग्र वास सोडते.

संवर्धनाचा प्रश्न :
प्रौढ फुलपाखरू विविध फुलांतील मध घेते. जास्वंद किंवा परदेशातून आलेली टणटणीही त्यास चालते. अळीस मात्र लिंबूकुलातील पानेच लागतात. म्हणजेच फुलझाडांची बाग फुलपाखरास आकर्षित करील, परंतु त्याची पुढची पिढी वाढवू शकणार नाही. माकडलिंबू, किरमिरा यांसारखी झुडपे लाकूड किंवा फळांच्या दृष्टीने मोलाची मानली जात नाहीत; त्यामुळे रान साफ करताना ती प्रथम तोडली जातात. परसातील लिंबावर अळी दिसताच कीटकनाशक फवारले जाते. ज्या जीवास आपण राज्याचा मान दिला, त्याच्याच बाल्यावस्थेस आपण कीड समजतो, ही विसंगती होय.

समारोप :
राज्यचिन्हाच्या घोषणेने जनजागृती होते. संवर्धन मात्र अधिवास टिकविल्यानेच साधते. महाविद्यालयांनी आपल्या परिसरात माकडलिंबू, किरमिरा, पपनस यांची लागवड करावी. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी अंडी, अळी, कोश व फुलपाखरू यांच्या मासिक नोंदी विद्यार्थ्यांकडून एकत्रितपणे ठेवून घ्याव्यात. परसातील लिंबाची काही पाने अळीसाठी सोडणे, हाही संवर्धनाचाच एक भाग होय.