घरात उंदीर झालेत? नाही, आणलेत!

गणपतीत आमच्या घरी एक गंमत असते. हॉलमध्ये बाप्पाच्या पायाशी मातीचा उंदीर, त्याच्यापुढेही एक छोटासा मोदक. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात सिलिंडरच्या मागे आजीने लावलेला सापळा, त्यात भज्याचा तुकडा. अशा घरात मी दोन वर्षांपूर्वी चपलांच्या खोक्यातून दोन जिवंत उंदरिणी घेऊन आले. एक शेव, एक बुंदी. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिचंही चूक नव्हतं म्हणा. ज्या मुंबईने १८९६चा प्लेग पाहिला आणि जिथे दर पावसाळ्यात लेप्टोच्या बातम्या येतात, तिथे ‘उंदीर पाळलाय’ म्हटल्यावर कोण टाळ्या वाजवेल? पण पाळीव उंदीर म्हणजे गटारातून उचलून आणलेला उंदीर नव्हे. जात तीच, रॅटस नॉर्वेजिकस. पण पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हातात वाढलेली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीर पकडणारा होता. सापडलेल्यांपैकी वेगळ्या रंगाचे उंदीर तो बाजूला काढायचा, त्यांची पैदास करायचा आणि विकायचा. पुढे १९०१ मध्ये मेरी डग्लस नावाच्या बाईंनी आपले उंदीर थेट प्रदर्शनात उतरवले. म्हणजे हा काही कालपरवाचा रीलवाला ट्रेंड नाही.

पण आज सांगायचंय ते वेगळंच. जूनमध्ये शेव गेली. पोटाजवळ गाठ झाली होती. उंदरिणींमध्ये हे बरंच होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी रडू यायचं ते आलंच. त्यापेक्षा वाईट वाटलं ते बुंदीचं. ती खाणं अर्धं टाकायची, कोपऱ्यात पाठ करून बसून राहायची. उंदीर कळपात राहणारा प्राणी आहे. आपण कितीही लाड केले तरी रात्री तीन वाजता तिचे कान चाटून द्यायला आपण जागे नसतो. एकटा उंदीर पाळू नये, निदान दोन आणि तेही एकाच लिंगाचे, हा पहिला नियम त्यासाठीच आहे. मग घरात नव्याने चर्चा सुरू झाली. बाबा म्हणाले, “अजून एक?” मी म्हटलं, “एक नाही, दोन.”

हिशोब साधा होता. बुंदी दोन वर्षांची, म्हणजे म्हातारीच. उंदराचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. एफवायला आणलेला उंदीर टीवायच्या निकालापर्यंत टिकेल की नाही, सांगता येत नाही. एकच पिल्लू आणलं तर ते दिवसभर म्हातारीला छळणार आणि ती गेली की तेही एकटं पडणार. दोन आणली की ती आपसांत दंगा करतात आणि म्हातारीला हवं तेव्हा त्यांच्या उबेला जाता येतं. ही साखळी कधी थांबवायची हा प्रश्न मात्र उरतोच. काही जण शेवटचा उंदीर दुसऱ्या पाळणाऱ्याच्या कळपात देतात. मला ते जमलं नसतं.

दुकानात गेलात तर आधी एक बघा: नर-मादी एकत्र ठेवलेत का? पाच-सहा आठवड्यांत पिल्लं वयात येतात, तीन आठवड्यांत बाळंत होतात आणि एका वेळी डझनभर पिल्लं देऊ शकतात. दोन आणायला गेलात आणि महिन्याने चौदा झाले, तर घरचे तुम्हालाच बाहेर काढतील. नाक वाहणारं, श्वास घेताना घरघर करणारं पिल्लू दया आली तरी आणू नका. श्वसनाचे आजार हा या प्राण्याचा सगळ्यात मोठा शत्रू. म्हणूनच नव्या पाहुण्यांना दोन आठवडे वेगळं ठेवायचं असतं, शक्यतो वेगळ्या घरातच. आमच्या दोन खोल्यांत ते कसं जमणार? बी विंगमधल्या मैत्रिणीची खोली कामी आली. तिच्याकडे जाऊन आलं की हात धुवा, टी-शर्ट बदला, मगच बुंदीकडे. परीक्षा सुरू असताना हे सगळं. करायचंच असेल तर सेमिस्टर संपल्यावर करा, हा माझा फुकटचा सल्ला.

आता आपल्या घरांतल्या खास गोष्टी. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल यांचा धूर पिंजऱ्यापासून लांब. सुताराकडचा फुकटचा भुसा नको. त्यात देवदार किंवा पाइन असेल तर तो त्यांच्या फुप्फुसांना बाधतो. आजीच्या जुन्या सुती साडीचे तुकडे उत्तम. (हे तुकडे आजीनेच दिले, याची नोंद घ्यावी.) मे महिन्यात जपा, उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, शरीरातली उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली की त्या तिला चिकटून झोपतात. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पिंजऱ्याचं दार स्वतः तपासा. उंदराला उलटी करता येत नाही, विष पोटात गेलं की बाहेर पडत नाही. नाकाडोळ्याभोवती लाल दिसलं तर ते बहुधा रक्त नसतं, डोळ्यांतून येणारा लालसर स्राव असतो. पण तो ताणाचं किंवा आजाराचं लक्षण असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. आणि हो, कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर उंदीर बघतोच असं नाही. हा फोन उंदीर आणण्याआधीच करा. मला तिसऱ्या फोनवर होकार मिळाला होता.

दोन आठवडे संपले. आधी नुसती फडकी बदलली, चकली-करंजीचं फडकं बुंदीकडे, बुंदीचं त्यांच्याकडे. मग ओळख. ती पिंजऱ्यात कधीच नाही. पिंजरा म्हणजे जुन्या उंदराचं स्वतःचं घर, तिथे तो परक्याला कसा घेईल? तिघींनाही अनोळखी अशी जागा हवी. आमच्याकडे ती फक्त बाथरूम. तिघी टॉवेलवर, मी पालथ्या बादलीवर, आणि बाहेरून बाबा, “मला ऑफिसला जायचंय!”

बुंदीने चकलीला उताणी पाडली. चकली जिवाच्या आकांताने ओरडली. माझा हात पुढे गेला होता, पण हे चालतं. दाबून धरणं, जबरदस्तीने अंग चाटणं, दोन पायांवर उभं राहून गुद्दागुद्दी करणं म्हणजे घरात मोठं कोण ते ठरतंय. केस फुलवून, कडेकडेने खेकड्यासारखं चालत एखादी अंगावर आली तर मात्र लगेच वेगळं करा. तेही जाड टॉवेल टाकून, उघड्या हाताने नाही. पहिल्या दिवशी मी हा शहाणपणा विसरले; अंगठ्यावर खूण आहे.

पाचव्या दिवशी पिंजरा साबणाने घासून, झोळ्या-शिड्या जागेवरून हलवून तिघींना आत सोडलं. रात्रभर खडबड. पहाटे पाहिलं तर बुंदी साडीच्या झोळीत मधोमध आणि दोन्ही बाजूंना दोघी. ती दात हळूहळू एकमेकांवर घासत होती. उंदीर निवांत असला की असा कुरकुर आवाज करतो. जून महिन्यानंतर पहिल्यांदाच ऐकला.

बुंदीचं वजन आता दर रविवारी करावं लागतं. या वयात तीस-चाळीस ग्रॅमचा फरकही दुखण्याची पहिली खूण असू शकतो. मी गुपचूप केकच्या वजनकाट्यावर करायचे. गेल्या आठवड्यात आईने पकडलं. आरडाओरडा झाला, काटा तीनदा घासून झाला, आणि संध्याकाळी ती बाजारातून दुसरा काटा घेऊन आली. त्यावर मार्करने लिहिलंय : ‘उंदरांचा. स्वयंपाकघरात आणू नये.’