जुना लॅपटॉप, वाढीव वॉरंटी: घ्यावी की नाही?

डोंबिवलीतल्या एखाद्या घरात मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळतो आणि लॅपटॉपची गरज उभी राहते. नवा परवडत नाही, म्हणून ठाणे किंवा कल्याणच्या दुकानातून वापरलेला घ्यायचं ठरतं. समजा, सौदा २२ हजारांवर तुटला. पैसे मोजताना दुकानदार म्हणतो, ‘अजून तीन हजार द्या, वर्षभराची वॉरंटी वाढवून देतो.’ हो म्हणावं का?

आधी यंत्र कधी बिघडतं ते पाहू. सदोष सुटे भाग बहुधा सुरुवातीच्या महिन्यांतच दगा देतात. पुढची काही वर्षं बिघाड कमी होतात आणि झीज वाढली की पुन्हा वाढतात. या आलेखाचा आकार बाथटबसारखा दिसतो, म्हणून अभियंते त्याला ‘बाथटब कर्व्ह’ म्हणतात. दोन-तीन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपने पहिला धोका ओलांडलेला असतो. सहा-सात वर्षांचा मात्र दुसऱ्या चढाला लागलेला असू शकतो.

बॅटरीचं गणित वेगळं. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही जुनी होते आणि उष्णतेत लवकर. अनेक बॅटऱ्यांची क्षमता ३०० ते ५०० चार्जिंग चक्रांनंतर सुमारे ८० टक्क्यांवर येते. टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तिला आग लागण्याचा धोका असतो. असा लॅपटॉप घेऊच नये.

वॉरंटीत सहसा बॅटरीची झीज धरली जात नाही. लोकलच्या गर्दीत बॅग दाबली जाऊन तडकलेला स्क्रीन किंवा पावसात आत गेलेलं पाणीही नाही. म्हणजे सकाळची लोकल पकडणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपला ज्यांची खरी भीती, तेच धोके बाहेर राहतात. उरतो मुख्यतः मदरबोर्डसारखा आतला बिघाड.

त्याच्या दुरुस्तीला आठ हजार लागतील असं धरा. मग तीन हजार वसूल व्हायला, तसा बिघाड वर्षभरात होण्याची शक्यता ३७ टक्क्यांहून जास्त हवी. चांगल्या स्थितीतल्या लॅपटॉपबाबत इतकी शक्यता धरायला आधार नसतो. तेच तीन हजार बाजूला ठेवले, तर ते बॅटरीलाही कामी येतात. मात्र ऐन परीक्षेत आठ हजार उभे करणं अशक्यच असेल, तर वॉरंटीकडे विमा म्हणून पाहता येतं. पण तेव्हाही ती कंपनीची की दुकानाची, हे विचारावं. दुकानाची वॉरंटी दुकान चालू असेपर्यंतच.

पैसे देण्यापूर्वी तासभर लॅपटॉप चालवून पाहावा. चार्जर काढून बॅटरी किती उतरते, पंखा किती आवाज करतो, सगळी बटणं, कॅमेरा आणि वायफाय चालतात का, हे तपासावं. सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, की मूळ वॉरंटी उरली आहे का, हे बहुतेक वेळा कळतं. परत घेण्याची मुदत आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा. वाद झाला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. तिथे तोंडी आश्वासनापेक्षा पक्कं बिल उपयोगी पडतं आणि त्यासाठी वेगळे तीन हजार मोजावे लागत नाहीत.