मांगरापर्यंत वायफाय

माजघरात फुल रेंज, पडवीत निम्मी, आणि अंगण ओलांडून मांगराकडे निघालं की फोनवरचं चाक नुसतं फिरत राहतं. लॅपटॉप घेऊन कोकणातल्या घरी परतलेल्या पिढीची ही रोजची तक्रार आहे. शहरात बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये किंवा सोसायटीच्या पलीकडच्या इमारतीतल्या कार्यालयात चित्र वेगळं नसतं. त्यावर दुकानातलं उत्तर ठरलेलं: जास्त अँटेनांचा, जास्त ताकदीचा राउटर न्या. पैसे वाया जातात ते इथेच.

वायफाय हा दुतर्फी व्यवहार आहे. राउटरने पाठवलेली माहिती पोचली की फोनला तशी पोचपावती परत धाडावी लागते. ती आली नाही, तर राउटर तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. राउटर भिंतीवरच्या विजेवर चालतो. फोनची अँटेना नखाएवढी आणि प्रक्षेपण जेमतेम काही दहा मिलिवॉटचं. राउटरची ताकद वाढवली, तर त्याच्या लहरी फोनपर्यंत पोचतील. फोनचं उत्तर वाटेतच विरेल. रेंज दिसते पण पान उघडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

वाटेत काय काय आडवं येतं तेही पाहायला हवं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर अडथळ्यांतून थोडी बरी निभावते, म्हणून ५ गिगाहर्ट्झ खोलीत वेगवान आणि खोलीबाहेर लंगडं. साध्या वीटकामाच्या भिंतीत लहरींची निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद जाते. आरसीसीच्या जाड भिंतीत सळ्यांची जाळीच असते. तिथून शंभरातला एखादाच हिस्सा पार होतो. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी धरते आणि जास्त अडवते. अंगणावरचा पत्रा लहरी सरळ परतवून लावतो, आणि गच्चीवरची भरलेली पाण्याची टाकी त्या शोषून घेते. पाऊस स्वतः मात्र निर्दोष आहे. या लहरींना दोन-तीनशे मीटर अंतरात मुसळधार पावसानेही फारसा फरक पडत नाही. त्यांना खातात ती भिजलेली पानं. वैशाखात फणसाच्या फांद्यांमधून जुळवलेली जोडणी आषाढात बसते ती त्यामुळे.

मग उपाय काय? राउटर मोठा करण्याऐवजी वायफायचा उगम माणसाजवळ न्यायचा. मांगरात दुसरा छोटा राउटर ठेवायचा आणि त्याला मुख्य घराशी भरवशाने जोडायचं. इथे पुष्कळ लोक रिपीटर घेतात. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो जिथे ठेवतात तिथेच रेंज मरतुकडी असते, आणि तो तीच मरतुकडी रेंज पुढे वाढतो.

हवेतूनच जोडायचं असेल, तर दोन्ही टोकांना दिशादर्शी अँटेना हव्यात. हातभर लांबीचा पांढरा डबा, पाइपाला क्लॅम्पने आवळलेला, खालून एकच केबल आत गेलेली. वीज आणि माहिती दोन्ही त्याच केबलमधून. अशा दोन डब्यांनी एकमेकांकडे तोंड केलं की झाला बिनतारी पूल. बल्बमागे आरसा लावावा तशी ही अँटेना ऊर्जा एकाच दिशेला वळवते. मुख्य म्हणजे त्याच दिशेकडून ती जास्त चांगलं ऐकतेही, म्हणून पोचपावतीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी सुटतो. एकाने गच्चीवर डबा बोटभर बोटभर फिरवायचा, दुसऱ्याने फोनवर आकडा वाचायचा. उणे ८० दिसत असेल तर काम अर्धवट आहे. उणे ६० ला आलं की क्लॅम्प आवळावा. या मोजमापात दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक, तेव्हा हे वीस म्हणजे शंभरपट.

समोरचा डबा नुसता दिसून भागत नाही. लहरी रेघेतून जात नाहीत, मधोमध फुगलेल्या लंबगोल पट्ट्यातून जातात. ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. दोन इमारतींत २०० मीटर अंतर आणि ५.८ गिगाहर्ट्झ लहरी असतील, तर मध्यावर या पट्ट्याची त्रिज्या साधारण १.६ मीटर भरते. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे मधल्या माडाच्या झावळीपासून मीटरभर तरी अंतर सोडायला हवं. भारतात २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरच्या वापरालाही परवानामुक्त झाले, म्हणून हा पूल आज कुणालाही बांधता येतो. ताकदीची मर्यादा मात्र पाळायची, आणि उपकरण सरकारमान्य असल्याची खात्री करून घ्यायची.

हे तंत्र किती ताणता येतं, ते २००७ मध्ये व्हेनेझुएलात दिसलं. एर्मानो पिएत्रोसेमोली आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन डोंगरमाथ्यांमध्ये ३८२ किलोमीटरची वायफाय जोडणी केली. एवढं अंतर कापायला लहरीला सव्वा मिलिसेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि साधं वायफाय पोचपावतीची वाट पाहतं ती मायक्रोसेकंदांत. अमेरिकेतल्या बर्कलेच्या संशोधकांनी यावर तोडगा काढला होता: वाट पाहायची पद्धत सोडून दोन्ही टोकांना बोलायच्या वेळा वाटून द्यायच्या. त्याच गटाने तमिळनाडूत थेनी भागातली नेत्रतपासणी केंद्रं लांब पल्ल्याच्या वायफायने अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडली होती, आणि खेड्यातला रुग्ण पडद्यावरून डॉक्टरांशी बोलू लागला होता. आपल्या पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या चमूने टीव्हीसाठी राखीव पण रिकाम्या पडलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गावं जोडून पाहिली. या लहरी अर्ध्या मीटरहून लांब, त्यामुळे झाडोऱ्यातून त्या वायफायपेक्षा सहज जातात. त्यांच्या ग्राममार्ग प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाचा पुरस्कारही मिळाला. घरगुती वापराला तो पट्टा मोकळा झाला, तर कोकणातल्या वाड्यांना त्याचा मोठा आधार होईल, असं मला मनापासून वाटतं.

तरीही दोन्ही इमारती आपल्याच आवारात असतील आणि चर खणता येत असेल, तर केबलसारखा भरवसा हवेत नाही. इथे तांब्याची नेटवर्क केबल टाकायचा मोह होतो. शंभर मीटरपर्यंत ती चालतेही. पण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज कोसळली की दोन्हीकडच्या जमिनीतल्या विद्युतदाबात मोठा फरक पडतो, आणि तो लोंढा केबलमधून थेट राउटरमध्ये, तिथून संगणकात शिरतो. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना छोटे मीडिया कन्व्हर्टर लागतात, आणि फायबर जोडून द्यायला गावातला ब्रॉडबँडवालाच येतो. केबल घेताना मात्र आत लोखंडी तार नसलेली मागून घ्या. घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये आधारासाठी ती बरेचदा असते, आणि मग फायबर घेण्यातला अर्थच उरत नाही. ज्यांनी आधीच दोन इमारतींमध्ये तांबं ओढलंय, त्यांनी वळवाचे ढग जमू लागताच, पहिला गडगडाट ऐकू येण्याआधी, दोन्ही टोकांच्या पिना काढून ठेवाव्यात.