प्रादेशिक चर्चासत्रे आणि बोलींचा अभ्यास : चारोटी परिसराचा संदर्भ

चर्चासत्र म्हणजे निबंधवाचन, अध्यक्षीय समारोप आणि प्रमाणपत्र, अशी एक धारणा महाविद्यालयीन वर्तुळात रूढ झाली आहे. बोलींच्या अभ्यासाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. या क्षेत्रातील दोन मोठी सर्वेक्षणे अभ्यासकांच्या एकत्र येण्यातून उभी राहिली. अशा एकत्र येण्याचे स्थान आणि त्यातील सहभागी यांचा ज्ञानाच्या स्वरूपावर कोणता परिणाम होतो, याचा विचार डहाणू तालुक्यातील चारोटी परिसर आणि तेथील वारली बोली यांच्या संदर्भात करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१८८६ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेने भारतातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा ठराव केला. त्यातून ग्रियर्सन यांचे भाषिक सर्वेक्षण सिद्ध झाले. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मराठीविषयक सातव्या खंडात वाडवळ, सामवेदी, काथोडी यांच्याबरोबर वारलीचीही नोंद आहे. या कार्याचे ऋण निर्विवाद होय. तथापि, त्याचे नमुने मुख्यतः सरकारी यंत्रणेमार्फत जमा झाले, आणि बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर हा नमुन्याचा एक ठरावीक साचा होता. त्यामुळे बोलीचे व्याकरण काही अंशी हाती आले. बोलणाऱ्यांचे स्वतःचे कथन, गीत आणि विधी हे बहुतांशी त्या साच्याबाहेर राहिले.

२०१० साली डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने बडोद्यात भाषाविषयक संमेलन भरले. त्यानंतर भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचे कार्य सुरू झाले. त्याचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये प्रकाशित झाला. येथे भाषक समाजातील व्यक्तींनाच लेखनात सहभागी करून घेण्याचे धोरण होते. दोन सर्वेक्षणांतील हा फरक केवळ काळाचा नाही. माहिती देणारा आणि अर्थ लावणारा यांच्यातील नाते बदलल्याचा तो परिणाम आहे.

तरीही काही प्रश्न दूरच्या सभागृहात सुटत नाहीत. ग्रियर्सन यांनी वारलीला मराठीच्या बोलींत स्थान दिले, तर २००१ च्या जनगणनेत तिची गणना भिली गटाखाली झाली. ही बोली महाराष्ट्र, दक्षिण गुजरात आणि दादरा-नगर हवेली अशा तीन प्रशासकीय प्रदेशांत बोलली जाते. मराठी विभागात तिचा विचार मराठीच्या, तर गुजराती विभागात गुजरातीच्या चौकटीत होणे साहजिक आहे. वर्गीकरणाचा हा वाद तडीस न्यायचा तर दोन्हीकडील अभ्यासक आणि सीमेच्या अलीकडचे-पलीकडचे भाषक एकाच बैठकीत यावयास हवेत. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि डहाणूहून कासामार्गे जव्हारकडे जाणारा रस्ता जेथे मिळतात, ते चारोटी अशा बैठकीस सोयीचे आहे. मुंबई आणि सुरत येथून येणाऱ्यांप्रमाणेच पाड्यांवरील भाषकांनाही ते गाठता येते.

स्थानाचे महत्त्व केवळ प्रवासाच्या सोयीपुरते मर्यादित नाही. वारली विवाहविधीत धवलेरी गीते म्हणते. पालघट देवीचा चौक लिहिला जात असताना ती गीते त्या विधीचाच भाग असतात. देवनागरीत उतरवलेल्या संहितेत सूर, पुनरावृत्ती आणि कृती यांचा लोप होतो. निबंधवाचनाच्या वेळी धवलेरी समोर असेल, तर चुकलेला शब्द आणि ओढूनताणून लावलेला अर्थ तेथल्या तेथे दुरुस्त होऊ शकतो. आपल्या संकलनाची अशी तपासणी पदव्युत्तर विद्यार्थ्याला संशोधनपद्धतीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवील. परिसरातील वारलीभाषक विद्यार्थी आणि आश्रमशाळांतील शिक्षक यांनाही आपल्या बोलीकडे अभ्यासविषय म्हणून पाहता येईल.

मात्र धवलेरीला सायंकाळच्या सांस्कृतिक कार्यक्रमापुरतेच निमंत्रण असेल, तर प्रादेशिक चर्चासत्र व्हिएन्नाहून फारसे पुढे गेले असे म्हणता येणार नाही. तिला चर्चेत स्थान, मानधन आणि प्रकाशित लेखात नामोल्लेख मिळणे अगत्याचे आहे. ध्वनिमुद्रणाची प्रत परिसरातील शाळेत वा ग्रंथालयात ठेवली जावी आणि अनिर्णित मुद्द्यांची यादी पुढील बैठकीसाठी लेखी नोंदवावी. कोणत्याही चर्चासत्राची यशस्विता वाचलेल्या निबंधांच्या संख्येपेक्षा त्यातून दुरुस्त झालेल्या नोंदींवरून आणि पुढे टिकलेल्या सहकार्यावरून ठरविणे अधिक न्याय्य होईल. ज्यांच्या बोलीवर निबंध लिहिला जातो, त्यांना तो नाकारण्याचा अधिकार असणे, ही अशा सहकार्याची पहिली अट होय.